गनला घातलेलं मुसकं

लहानपणी मला झोप यायची ती दोन आवाजांवर. आधी एक हलका टिक आणि त्याच्या पाठोपाठ ठक. टिक-ठक, टिक-ठक. जबलपूरला, गढ्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत बाबांचं सोफ्याचं काम चालायचं आणि मी कुठल्या तरी अर्धवट सोफ्यात, फोमच्या कापलेल्या तुकड्यांवर पडलेली असायची. वर दोरीला टांगलेल्या रेक्झिनच्या पट्ट्या हलायच्या. खिडकीतून तिरपं ऊन यायचं आणि त्यात कापसाचे तंतू इतके सावकाश उतरायचे, की ते खाली येतायत की खोलीच वर चाललीय, ते कळायचं नाही. मग जिन्याखालचा कंप्रेसर घुरघुरायला लागायचा. मला वाटायचं, हे घर म्हणजे एक मोठं जनावर आहे, आपण त्याच्या पोटात झोपलोय, आणि टिक-ठक हे त्याचं काळीज वाजतंय.

मी आता पत्रकं लिहिते. शहरातल्या लहान कारखान्यांत राबणाऱ्यांचा आमचा एक गट आहे, त्याची पत्रकं. पत्रकात कापसाचे तंतू चालत नाहीत. पहिल्या ओळीत सांगायचं, कोणाचं काय गेलं आणि कोणामुळे. तर सांगते. माझ्या बाबांचा डावा डोळा गेला, आणि तो सदरमधल्या एका फर्निचरवाल्याच्या हावेपायी गेला. उजवा उरला. पुढचं सगळं त्या उरलेल्या डोळ्याबद्दल आहे.

तो टिक-ठक आवाज पिना मारायच्या गनचा. ऑफिसात कागद टाचायला स्टेपलर असतो ना, त्याचाच हा दांडगा भाऊ. कंप्रेसरमधून पाइपनं दाबाची हवा येते, चाप ओढला की पिन लाकडात अशी शिरते की नंतर पक्कड लावूनही हटत नाही. आमच्या गनला पुढे एक लोखंडी नाक आहे. ते लाकडावर टेकून आत दाबलं गेलं तरच चाप चालतो. हवेत धरून कितीही ओढा, काही होत नाही. नाक आत जातं तो टिक, आणि पिन शिरते तो ठक. म्हणजे प्रत्येक पिन सोडायच्या आधी गन एकदा विचारून घेते, समोर लाकूडच आहे ना?

सदरच्या त्या मालकाला हे विचारणंच नको होतं. बाबा त्याच्या दुकानामागच्या शेडमध्ये कामाला होते तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. शेडमधल्या सगळ्या गनांची नाकं त्यानं तारेनं आवळून आत बांधून टाकली होती. दर पिनेला नाक दाबत बसलं तर काम रेंगाळतं. तार बांधली की चाप धरून ठेवायचा आणि गन कापडावरून शिलाई मशीनसारखी पळवायची. ज्या भिंतीला त्या गना टांगलेल्या असत त्याच भिंतीवर त्यानं लाल अक्षरांत रंगवून घेतलं होतं, 'सावधानी हटी, दुर्घटना घटी'. वर पाटी आणि खाली तार. एक दिवस बाबांच्या समोर काम करणारा माणूस गन घेऊन वळला. बोट चापावर होतं. कोपर सोफ्याच्या पाठीला आदळलं आणि पिन सुटली. समोर लाकूड नव्हतं, बाबा होते.

मालक दवाखान्यात आला, खाटेपाशी उभा राहिला, आणि बोलला ते आईला अजून पाठ आहे: "ध्यान से काम करना था न, भैया." ज्याला लागलं त्यालाच लक्ष दे म्हणून सांगायचं, ही युक्ती मी पुढे इतक्या कारखान्यांत पाहिली की आता अशी पाटी दिसली की मी आधी तार शोधते. बहुतेक वेळा सापडते.

बाबा मात्र त्या मालकाबद्दल कधी वाकडं बोलले नाहीत. त्यांनी घरातच काम सुरू केलं. एका डोळ्यानं जग कसं दिसतं असं मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाले, पडद्यावर काढल्यासारखं. सगळं दिसते, पण किती दूर आहे ते हात लावल्याशिवाय समजत नाही. म्हणून ते चहा ओततानाही गाळणीची कड कपाला टेकवून घेत. दारातून जाताना बोटांनी चौकट चाचपत. आणि गन कापडावर टेकली की नाही हे त्यांना डोळ्यानं कळत नसे, टिक वाजला की कळे. तो टिक म्हणजे त्यांचा अर्धा डोळाच होता, असं मला वाटतं.

घरातल्या गनला कोणी तार बांधायची नाही, हे न बोलता ठरलेलं होतं. बाकीचंही असंच, न बोलता मुरलेलं. पिन अडकली तर आधी पाइप काढायचा, मगच गन उघडायची. चालताना बोट चापाच्या बाहेर. कापड ताणणारा डावा हात गनच्या तोंडाच्या रेषेत आणायचा नाही. गन कोणाकडे रोखायची नाही, गमतीतही नाही, रिकामी असली तरी नाही. मोर्चाच्या पाट्यांना कापड लावायला मी ती गन वापरायला लागले तेव्हा मला वेगळं काही शिकावं लागलं नाही. झोपेतच शिकले असेन.

आता आत्याचं. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. ती वर्ध्याकडे गावात राहते. त्यांची आई लवकर गेली, म्हणून तिनंच बाबांना वाढवलं. डोळा गेला तेव्हा ती दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून राहिली, हातानं भात भरवला, आणि तेव्हापासून दर नवरात्रात जबलपूरला येते ती कोजागिरी करूनच जाते. आमच्या गल्लीतले बाकीचे कारागीर औजारांची पूजा विश्वकर्म्याच्या दिवशी करतात. आमच्याकडे ती दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला. पाटावर कात्री, हातोडी, गादीला टाके घालायची वाकडी सुई, मधोमध गन. हळदकुंकू, झेंडूची फुलं. आणि आत्या तिच्याबरोबर आणलेला कलावा, म्हणजे देवळातला लाल-पिवळा धागा, गनला बांधते. बाबांच्या उरलेल्या डोळ्यासाठी. हा धागा तोडायचा नसतो. झिजून आपोआप गळेल तेव्हा गळेल.

आत्या त्या गनकडे कशी बघायची हे मला आठवतं. आपल्या घरच्या कोणाला कधीकाळी चावलेलं कुत्रं दारात बसलेलं असावं आणि त्याच्या बाजूनं जावं लागावं, तशी. बाबा काम करत असले की ती त्या खोलीत बसायची नाही. आली तर भिंतीला पाठ लावून उभी राहायची. मी सोफ्यात लोळत असले तर म्हणायची, "इथं झोप कशी येते तुला, पोरी? मला तर हा आवाज ऐकवतच नाही."

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या उन्हाळ्यात बाबांना पुन्हा लागलं होतं. कोणाचा तरी जुना सोफा उतरवून नवं कापड चढवायचं काम होतं. जुन्या लाकडात जुन्या पिना राहून गेलेल्या असतात. त्या सगळ्या उपसून काढल्याशिवाय नवी मारायची नसते, कारण लोखंडावर लोखंड आपटलं की पिन उलटी येते. एक राहिली होती. नवी पिन उसळली आणि बाबांच्या उजव्या डोळ्याखाली, गालाच्या हाडावर बसली. अगदी डोळ्याखाली. करंगळी ठेवावी एवढीही जागा मध्ये नव्हती. आई त्या दिवशी जेवली नाही. मी दुसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानातून डोळे झाकणारा प्लास्टिकचा चष्मा आणला. बाबांनी घालून पाहिला, वाफ धरते म्हणाले, घसरते म्हणाले, आणि खिळ्याला अडकवून टाकला. तिथं तो पावसाळाभर लोंबकळत राहिला, कापसाची धूळ खात.

नवरात्रात आत्या आली आणि तिनं तो गालावरचा डाग पाहिला. कोणाला काही विचारलं नाही. अंगठ्यानं डाग पुसल्यासारखं केलं, जणू कुंकूच सांडलंय. मग आईला एकटीला विचारून घेतलं असणार. खंडेनवमीला तिनं कलावा दरवर्षीसारखा गनच्या मुठीला बांधला नाही. गन पाटावर तोंड खाली करून उभी ठेवली होती. आत्यानं ती डाव्या हातानं पाटावर दाबून धरली, आणि धागा नाकावरून, खालून, वरून, पुन्हा खालून असा वेढे घालत आवळला. गाठीवर गाठी मारल्या.

बाबा म्हणाले, ताई, तिथं काहून?

"काहून म्हणजे? बैल पिकात तोंड घालते तर त्याला मुसकं घालतो की नाही आपण? हिनं दोनदा चावलं तुला. तोंड बांधलं मी हिचं."

बाबा वाकून बहिणीच्या पाया पडले, ती त्यांच्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली, आणि झेंडूचा वास सगळ्या खोलीत भरून राहिला. मी पाहत होते आणि मला काहीही कळलं नाही. सुंदर दिसत होतं ते. लाल-पिवळ्या धाग्यात गुंडाळलेली ती काळी गन एखाद्या लेकराला दुपट्यात गुंडाळावं तशी दिसत होती.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पत्रकं वाटायला गेले आणि दुपारी पाय दुखत घरी येऊन पुढच्या खोलीत सोफ्याच्या एका सांगाड्यात आडवी झाले. लग्नघरच्या सोफ्यांचं काम आलं होतं, बाबांचा हात चालू होता. ऊन तसंच तिरपं होतं. तंतू तसेच उतरत होते. मला झोप लागत लागत होती, आणि त्या गुंगीत मी नर्मदेवरच्या भेडाघाटला होते. दोन्हीकडे पांढरे खडक, मध्ये हिरवं पाणी, पाणी हलत नव्हतं. वर खडकावरून कोणीतरी चालत होतं. त्याच्या पावलाचा आवाज येत होता, एका पावलाचा. दुसरं पाऊल पडायचं पण वाजायचंच नाही. ठक. मग काहीच नाही. मग ठक. मी मान वर करून बघत होते, पण उन्हात डोळे दिपत होते, आणि मला कळत होतं की हा माणूस आता पडणार, त्याचं दुसरं पाऊल जमिनीवर टेकतच नाहीये.

मी डोळे उघडले. ठक. ठक. ठक.

टिक नव्हता.

मी तशीच पडून ऐकत राहिले, कारण अंगातून अजून झोप गेली नव्हती. बाबा दुसऱ्या बाजूचं कापड घ्यायला वळले, गन हातातच, आणि मध्येच हवेत एक ठक झाला. भिंतीला उभ्या ठेवलेल्या फोमच्या जाड तक्त्यात एक पिन जाऊन उभी राहिली. चकाकत होती. बाबा फोमकडे बघत थांबले. मग पुन्हा कापड ओढून कामाला लागले.

मी उठले आणि पाइप गनपासून उपटला. हवा फुस्स करून गेली. गन हातात घेतली. नाक आत रुतून बसलं होतं, धाग्याखाली, गाठींखाली, जसं त्या सदरच्या शेडमध्ये तारेखाली बसत असे तसंच. मालकानं पिना भराभर पडाव्यात म्हणून बांधलं होतं. आत्यानं डोळा राहावा म्हणून बांधलं. गन दोघांशीही सारखीच वागणार होती.

मी म्हटलं, बाबा, हे पाहिलं का तुम्ही? बाबा म्हणाले, पाहिलं. मी म्हटलं, कधी? ते म्हणाले, बांधलं तेव्हाच.

"मग?"

"मग काय. ताईनं बांधलं आहे. तिच्या डोळ्यापुढं तोडू काय? कोजागिरी झाली की ती जाईन, मग पाहू. तोपर्यंत ध्यान ठेवून करून राहिलो न मी."

ध्यान. त्या मालकाचा शब्द, आणि तो बाबांच्या तोंडून, इतक्या मऊ आवाजात. मला जो राग आला तो सांगता येत नाही. एवढी वर्षं मी गल्लीगल्लीत ओरडून सांगतेय की माणूस थकतो, माणसाला डुलकी येते, माणसाचं कोपर आदळतं, म्हणून तर यंत्राला नाक असतं. आणि माझ्याच घरात माझा बाप एका डोळ्यावर ध्यान ठेवून काम करणार, बहिणीचं मन मोडू नये म्हणून. मी तिथंच कात्री उचलली. बाबांनी माझं मनगट धरलं. जोरानं धरलं नाही, पण सोडलंही नाही. कात्री मी खाली ठेवली.

मग मी मला येतं तेच केलं. संध्याकाळी चहाच्या वेळी, आत्या पाय लांब करून बसली होती, आई मशीनवर सोफ्याच्या खोळी शिवत होती, तेव्हा मी पत्रकाच्या पहिल्या ओळीसारखं सरळ सांगितलं: "आत्या, तुमच्या धाग्यानं बाबांचा दुसरा डोळा जाणार आहे."

मशीन थांबलं. आत्यानं कप खाली ठेवला.

"वा गं पत्रकवाली," ती म्हणाली. "ज्या बहिणीनं घास भरवला तिचा धागा डोळा घेते, आणि तुझे कागद डोळा देते. अच्छा. वाट मग कागद." आणि ती उठून आतल्या खोलीत पिशवीत लुगडी भरायला लागली. आईनं मला ऐकवलं, की बोलायची काही रीत असते, आणि ती तुला कोणी शिकवली नाही. माझं म्हणणं असं, की बोलले ते खरं होतं आणि रीतीची वाट पाहायला वेळ नव्हता. अजूनही म्हणणं तेच आहे. पण आत्याला बाबांनी हातापाया पडून थांबवलं, आणि आता तर धागा सोडायची गोष्टच नको, असं होऊन बसलं.

दुसऱ्या दिवशी मी घरात संप केला. गन आणि पाइप जोडणारा पितळी जोड असतो, बोटभर लांब. तो नसला तर हवा गनमध्ये जातच नाही. सकाळी बाबा अंघोळीला गेले तेव्हा तो काढून मी झोळीत टाकला आणि बाहेर पडले. सकाळभर तो झोळीत पत्रकांखाली खुळखुळत होता. सदरच्या बाजारात फिरले, फौजींच्या घरच्या बाया भाजी घेत होत्या, एका काचेआड नवे सोफे मांडले होते, त्यावर ऊन पडलं होतं आणि त्यांच्यावर कोणीच बसलेलं नव्हतं. मला त्या रिकाम्या सोफ्यांत सगळीकडे टाचलेल्या पिना दिसत होत्या, कापडाच्या आत, हजारो, पाण्याखालच्या मासोळ्यांसारख्या एका दिशेनं तोंड करून थांबलेल्या. कोणी कोणत्या गननं मारल्या असतील त्या.

दुपारी घरी आले तर बाबा पायरीवर बसलेले. रागावलेही नव्हते, हसलेही नाहीत. म्हणाले, मालक झाली का कामगार, आधी ते सांग. मी म्हटलं, जोड हवा असेल तर धागा सोडा. ते म्हणाले, लग्नघरवाले दोनदा येऊन गेले. मी म्हटलं, येऊ दे. आमचं हे बोलणं दारातल्या आत्याला ऐकू गेलं. सकाळपासून खोली गप्प होती हे तिलाही जाणवलं असणार. ज्या गनचा आवाज ऐकवत नाही, ती गप्प आहे आणि तरीही घर सुधरलेलं नाही.

ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. म्हणाली, "तू काल बोलली ते मला दाखव. नुसतं बोलू नको. दाखव."

मला हे सुचलं नव्हतं, हे खरं. मी काल डोळा जाणार म्हटलं, यंत्र समोर ठेवलं नाही. मी जोड बसवला. पाइप लावला. फोमचा तो जाड तक्ता खोलीच्या टोकाला भिंतीशी उभा केला आणि बाबांना, आईला दाराबाहेर जायला सांगितलं. खिळ्यावरचा चष्मा काढून फुंकर मारली आणि आत्याच्या डोळ्यांवर चढवला. चष्म्यात तिचे डोळे मोठे दिसायला लागले. गन तिच्या हातात दिली, दोन्ही हातांनी, वर माझे हात. म्हटलं, आत्या, ही आता कशालाच लागलेली नाही न? समोर हवा आहे न? ती म्हणाली, हो. म्हटलं, आता ओढा.

ठक.

खोलीच्या त्या टोकाला फोममध्ये पिन उभी राहिली. आत्या किंचाळली नाही. तिनं गनकडे पाहिलं, मग फोमकडे, मग गनच्या तोंडाला बांधलेल्या धाग्याकडे.

"मुसकं घातलं न मी हिला," ती म्हणाली. "मुसकं घातल्यावर चावते कशी?"

"आत्या, मुसकं हिला पहिल्यापासूनच आहे. हे नाक, हेच ते मुसकं. बाहेर आलेलं असलं की तोंड बंद, लाकडावर दाबलं की उघडते. तुम्ही ते दाबून बांधून ठेवलं. तोंड उघडं बांधलं तुम्ही."

बाहेर गल्लीत कोणाचं तरी कबूतर पत्र्यावर चालत होतं. दारात बाबा उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं, आणि ते खाली बघत होते, जणू चूक त्यांचीच उघडी पडली. आत्यानं त्यांना विचारलं, तुला माहीत होतं? त्यांनी मान डोलावली. ती म्हणाली, "माझ्यासाठी डोळा घालवून बसला असता का रे तू? एवढा कसा येडा राहिला."

बाबा चौकट चाचपत आत आले.

मग आत्या खाली बसली, गन मांडीवर घेतली, आणि नख गाठीत घालायला लागली. मी म्हटलं, थांबा, आधी पाइप. तिनं हात वर केले आणि मी पाइप काढेपर्यंत ते तसेच वर धरले. पिनाही काढून घेतल्या. मग ती गाठी सोडायला लागली. एक सुटायला इतका वेळ लागत होता. मी कात्री पुढे केली नाही. बाबा काहीतरी पुटपुटले, धागा तोडत नसतात असं काही, तर ती म्हणाली, "तोडून नाही राहिली. सोडून राहिली." शेवटची गाठ तिनं दातांनी सैल केली. वेढे एकेक करून निघाले, खालून, वरून, पुन्हा खालून. शेवटचा वेढा सुटला तसं नाक आपलं आपण बाहेर आलं. हलकेच. कासवानं मान काढावी तसं.

धागा तिच्या तळहातावर वळ्या घालून पडला होता. पाण्यात सोडायचा असतो असा. आई म्हणालीही, उद्या ग्वारीघाटला जाऊन नर्मदेत सोडू. आत्यानं ऐकलं, पण तिचं लक्ष दुसरीकडेच होतं. चष्मा अजून तिच्याच डोळ्यांवर होता. तो तिनं काढला, उलटापालटा करून पाहिला, प्लास्टिकच्या काड्या वाकवून पाहिल्या, आणि मला विचारलं, कोणाचा हा? म्हटलं, बाबांचा. घालत नाहीत. घसरते म्हणतात.

तिनं धाग्याचं एक टोक एका काडीला बांधलं, दुसरं टोक दुसऱ्या काडीला. मग बाबांना बोलावलं, इकडं ये. बाबा तिच्यापुढे वाकले, पूजेच्या दिवशी वाकले होते तसेच, आणि तिनं तो चष्मा त्यांच्या डोळ्यांवर ठेवला, धागा डोक्यामागून घेतला, आवळला आणि केसांवरून सारखा केला.

"आता घसरू दे," ती म्हणाली. "माझा धागा आहे. काढून दाखव."

बाबांनी काढला नाही. वाफ धरली तर बाहीनं पुसायचे, कुरकुरायचे, गन ठेवली की कपाळावर सारायचे, पण गन हातात आली की डोळ्यांवर. आता पत्रकात लिहायचं तर मी असं लिहिणार नाही, की प्रत्येक कारागिराला धागा बांधणारी एक बहीण हवी. चष्मा मालकानं द्यायचा असतो आणि तार मालकानं काढायची असते, आणि ते मी लिहिते, छापते, वाटते, आणि पुढेही वाटणार. पण त्या दुपारी पत्रक कुठे होतं.

त्या दुपारी बाबांनी पाइप जोडला. कंप्रेसर घुरघुरायला लागला. लग्नघरच्या सोफ्याला कापड चढायला लागलं. आत्या जायला निघालीच होती आतल्या खोलीत, पण दारात थांबली.

टिक-ठक.

तिनं मान तिरकी केली. विचारलं, हे आधी वाजते ते काय? मी म्हटलं, ते मुसकं. ती म्हणाली, दरवेळेला? म्हटलं, दरवेळेला.

ती परत आली. भिंतीला पाठ लावून उभी राहिली नाही. मी बसले होते त्या सांगाड्यात, माझ्या शेजारी, फोमच्या तुकड्यांवर टेकली. गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत बसली, जणू मोजतेय. टिक-ठक. टिक-ठक. ऊन तिच्या पायांवरून माझ्या पायांवर आलं. तंतू उतरत होते, तिच्या पांढऱ्या केसांत बसत होते आणि दिसेनासे होत होते. तिचं डोकं हळूहळू माझ्या खांद्याकडे कलायला लागलं, मी हलले नाही. मध्येच बाबा कापड बदलायला थांबले, आवाज थांबला, तशी तिनं झोपेतच कपाळाला आठी घातली. मग पुन्हा टिक वाजला, आणि आठी गेली.